सिवनले देली

१

केशोरावांची वही घरातून नाहीशी झाली, आणि तिच्यापायी एका धडधाकट बाईला वेडी ठरवायची तयारी सुरू झाली.

वही काही सोन्यानं मढवलेली नव्हती. दोनशे पानी, लाल पुठ्ठ्याची, कडेनं कुरतडलेली. केशोराव गोंदियाजवळच्या गोरेगाव तालुक्यातले साधे धान पिकवणारे शेतकरी. त्यांच्या बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, दर पावसाळ्यात सारसाची एक जोडी घरटं करायची. केशोरावांनी तेवीस वर्षं त्या जोडीचा सगळा संसार लिहून ठेवला. कधी आली, अंडी किती, पिल्लू कधी उडालं, कोणत्या कुत्र्यानं अंडं फोडलं, सगळं. गेल्या साली केशोराव गेले. त्यांच्या बायकोनं, शामकलाबाईनं, वही देवाजवळच्या पत्र्याच्या डब्यात ठेवली होती. शुक्रवारी त्यांचा मुलगा उमेंद्र गोंदियाहून आला आणि डबा उघडला, तर आत नुसती कापराची पुडी.

"आई, बाबाची वही कोठी?"

"सिवनले देली," शामकलाबाई म्हणाल्या.

आता आमच्या झाडीपट्टीत श आणि ण यांना कोणी पाट मांडून बसवत नाही. श चा स होतो, ण चा न होतो, कुठं कुठं ळ चा र होतो. शाळेला आम्ही सारा म्हणतो आणि पाण्याला पानी. तेव्हा सिवन म्हणजे शिवण, हे उमेंद्रला कोणी समजावून सांगायला नको होतं. वहीची पानं सुटत होती हे त्यालाही माहीत होतं. शिवायला दिली असेल म्हणून तो गोरेगावला मुन्ना टेलरकडे गेला. मुन्नानं कानावर हात ठेवले. उमेंद्रनं गावातल्या शिलाई मशीनवाल्या तिन्ही बायकांना विचारलं. शेवटी शेताच्या धुऱ्यावर शिवणीचं एक झाड होतं, त्याच्या बुडाशीही खणून पाहिलं. आता बोला.

संध्याकाळी त्यानं आपल्या मावसबहिणीला, सोनिकाला, फोन लावला.

"तू टीव्हीवर सांग, वही हरवली म्हणून. अन् सोमवारी मी आईले गोंदियाले आणून राहिलो. घराले कुलूप. आज वही गेली, उद्या गॅस चालू ठेवून झोपंल. मले रात्री झोप नाही लागत, सोना."

"मोठीमाय काय म्हणते?"

"काहीच नाही. बोलणंच बंद केलं तिनं."

सोनिकाला मोठीमाय, म्हणजे मोठी मावशी शामकलाबाई, ठाऊक होती. त्या घरातून, त्या बांधीपासून तिला उचलून तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये नेऊन ठेवली, तर ती सहा महिने काढणार नाही.

"सोमवारपर्यंत वही सापडली तर?"

"सापडली, अन् ती म्हणते तठीच सापडली, तर राहू दे तिले गावातच. माहा शब्द हाये. पण नाही सापडणार."

हातात दोन दिवस होते.

२

सोनिका गोंदियातल्या 'धानपट्टा वार्ता' या केबल चॅनेलवर सहाच्या बातम्या वाचायची. खेड्यातली पोरगी, पण श आणि ण तिनं घासून घासून कमावले होते. "निवडणूक" म्हणताना तिचा ण असा ठणठणीत वाजायचा, की चॅनेलचा संपादक हेमेंद्र म्हणायचा, ही आपली पुण्याची शाखा. याचा तिला थोडा ताठाही होता. असू द्यावा, कष्टाचा होता.

शनिवारी सकाळी स्कूटी घेऊन ती गावात पोचली. मोठीमाय ओसरीवर लाखोरीची डाळ निवडत बसली होती. पोरीकडे पाहिलं, हातानंच बस म्हणून खुणावलं आणि परत सुपात मान घातली.

"मोठीमाय, मले तरी सांग."

"तुले उमेंद्रनं धाडलं."

"त्यानं नाही धाडलं. मी आली."

"मंग चाय पी अन् जा. मी येडी हाये ना? येडीले कायले पुसता?" उमेंद्रवरचा राग डाळीतल्या खड्यांवर काढत म्हातारी म्हणाली. "आठ डाव सांगतली. सिवनले देली, सिवनले देली. पानं सुटून राहिली होती, जपून ने, म्हनली मी. अजून काय सांगू?"

"अवं पण मुन्ना टेलर नाही म्हणते. त्याच्याकडं वही आलीच नाही."

मोठीमायनं सूप खाली ठेवलं. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, नुसता गोंधळ होता.

"टेलरचं नाव मी कवा घेतली?" ती म्हणाली.

आत्ताच शिवायला दिली म्हणून सांगितलेलं म्हातारीच्या ध्यानात नव्हतं. म्हणजे उमेंद्र खरंच सांगत होता की काय?

३

मुन्नाचं दुकान गोरेगावच्या बाजारात, एका टपरीएवढं. सोनिकाला पाहताच तो मशीनवरून उठला, पण आदरानं नव्हे.

"मॅडम, तुमचे भाऊ काल भर बाजारात माझी कपड्यांची पेटी उलटी करून गेले. गिऱ्हाईक हसून राहिले होते. मैं ब्लाउज सिलता हूं, किताब नहीं. कागज सिलूंगा तो सुई टूटेगी मेरी."

सोनिकानं भावाच्या वतीनं माफी मागितली. मुन्ना जरा निवळला. त्यानं खरोखरच कपाटं उघडून दाखवली. वही नव्हती.

"शामकलाबाई दिवाळीपासून इकडे आल्याच नाहीत," तो म्हणाला. "आणि एक बात बोलू? मी वीस वर्षं कपडे शिवून राहिलो. इथं कोणी असं म्हणत नाही, की कपडा शिवणले दिला. म्हणतात, मुन्नाकडं टाकला. शिवणले दिला, ये कौन बोलता है?"

सोनिका स्कूटीवर बसली, पण किल्ली फिरवायची विसरली. मुन्नाचं म्हणणं सोळा आणे बरोबर होतं. उमेंद्रला दिली, सोनिकाला दिली, असं माणसाला 'ले' लागतं. उमेंद्रले देली. मग 'सिवनले' म्हणजे शिवायला नसेल, तर सिवन हा कोणी माणूस असेल.

आणि तसा एक माणूस गावात होता. त्या वहीवर त्याचा कधीपासून डोळाही होता.

४

केवलराम शिवणकर गुरुजी रिटायर झाल्यापासून तालुक्यातल्या पाखरांवर पुस्तक लिहीत होते. सहा वर्षांत चौथं प्रकरण चालू होतं. सोनिकानं विषय काढताच त्यांनी चष्मा पुसायला घेतला.

"मागितली होती मी ती वही. दोनदा. खोटं कशाला बोलू? केशोराव असताना एकदा आणि नंतर एकदा. शामकलाबाई म्हणाल्या, गुरुजी, तुमी वस्तू नेता अन् मंग थे तुमच्याच घरची होते."

"म्हणजे दिली नाही?"

"तुमच्या घरची एक शिडी मी नेली आणि परत केली नाही, ती मोठीमाय आजवर काढते," गुरुजी कसनुसं हसले. "मला वही कुठून देणार? आणि पोरी, त्या मला शिवणकर कधी म्हणाल्या? सगळं गाव गुरुजी म्हणतं. माझी बायकोसुद्धा."

हेही खरंच होतं. शिडीची गोष्ट तर सोनिकानं लहानपणापासून ऐकली होती. ती उठली, तशी गुरुजींनी दारापर्यंत येऊन सांगितलं, "तुम्ही सगळे वही कुठं गेली ते विचारत फिरताय. घरात कोण आलं होतं, ते विचारलं का कोणाला?"

नव्हतं विचारलं. एवढ्या बातम्या वाचणारी पोरगी, पण साधा प्रश्न सुचला नव्हता.

मोठीमायच्या समोरच्या घरात दुर्गेश्वरी राहायची. तिच्या दारातून अख्ख्या गल्लीची हजेरी लागते.

"आली होती ना," दुर्गेश्वरी भांडी घासता घासता म्हणाली. "मागच्या बेस्तरवारी सोभाबाई आली होती. चाय प्याली, बिनासाखरेची. अन् जाताना काखेत लाल वही होती. मी या डोऱ्यानं पाहिली."

शोभाबाई म्हणजे शोभाताई, गावातली आशा कार्यकर्ती. रोज या घरात येणारी, मोठीमायचं बीपी तपासणारी. घरचीच बाई.

५

शोभाताई अंगणात पापड वाळत घालत होती. प्रश्न ऐकून तिनं हातातला पापड तसाच ठेवला.

"मागच्या गुरुवारी मी गोरेगावले होती. लसीकरणाची मीटिंग होती. आम्ही सतरा जणी होतो, विचार कोणालेही." तिनं मोबाईल काढून फोटोच दाखवला. त्यावर तारीख होती, वेळ होती आणि मधोमध शोभाताई हसत होती. "अन् काय म्हणाली दुर्गी? बिनासाखरेची चाय? बापा, माह्या चायमधी चमचा उभा राहते. मी काऊन नेऊ मावशीची वही? मले पाखरातलं काय समजते?"

तिचे डोळे भरून आले होते. सोनिकाला स्वतःचीच लाज वाटली. सकाळपासून तिनं तीन माणसांना चोर समजून पाहिलं होतं, आणि तिघंही साफ निघाली होती.

पण मग दुर्गेश्वरी खोटं का बोलली? की ती वही तिनंच लांबवली होती?

६

"खोटं?" दुर्गेश्वरी कंबरेवर हात ठेवून उभी राहिली. "मी खोटं बोलू? तुमच्या आसाताईचं नाव मी घेतलीच कोठी? मी म्हनली सोभाबाई."

"अवं, तेच तर. शोभाबाई."

"थे आपल्या गावची सोभा नाही. तुमचीच थे टीव्हीवाली. तुमीच तं सांगतलं बातमीमंदी."

"मी टीव्हीवर शोभा कधी वाचली?"

"काई का म्हना. गोरी, बांबूसारकी उंच, पाखरं पाहाले आली म्हनून सांगतलं ना तुमी? काय थे नाव होतं... सोभान का काय. एवढं लांबट कोन बोलंल? आमी सोभाबाई म्हनतो. आली का थिले सोभाबाई, राम राम म्हनतो. थे हासते."

सोनिका ओट्यावर बसली.

पंधरा दिवसांपूर्वीची बातमी तिच्या डोळ्यांपुढे आली. आयर्लंडची एक पक्षी अभ्यासक चोरखमारा तलावाच्या परिसरात सारस पाहत फिरते आहे, असं एक पत्रक चॅनेलवर आलं होतं. नाव इंग्रजीत लिहिलेलं. एस, आय, ओ, बी, एच, ए, एन. सोनिका वाचण्याआधी अडखळली होती, हेमेंद्रला विचारलंही होतं, हे कसं म्हणायचं? हेमेंद्र म्हणाला होता, "जसं लिहिलं तसं ठोक. गोंदियात कोण आयरिश बसला आहे ऐकायला?" आणि मग तिनं आपल्या कमावलेल्या, ठणठणीत आवाजात ठोकलं होतं, 'सिओभान'. तिच्या तोंडून निघालेला सिओभान दुर्गेश्वरीच्या दारात येईपर्यंत सोभाबाई झाला होता.

म्हणजे वही त्या बाईकडे होती. हायसं वाटायला हवं होतं, पण वाटेना. उमेंद्रची अट वेगळीच होती. वही म्हातारी म्हणते तिथंच सापडायला हवी होती. मोठीमाय तर सिवन म्हणत होती. सिओभान कुठं आणि सिवन कुठं? गोऱ्या बाईला वही द्यायची आणि शिवायला दिली म्हणून सांगायचं, यालाच तर उमेंद्र डोकं गेलं म्हणत होता.

सोनिकानं पर्समधून मोबाईल काढला. पंधरा दिवसांपूर्वी करायला हवं होतं ते तिनं आता केलं. ते नाव लिहिलं आणि उच्चार ऐकायचं बटण दाबलं. बटणाला एक सेकंद लागला.

"शिवॉन," मोबाईलमधली बाई म्हणाली.

तिनं परत दाबलं.

"शिवॉन."

ओ नाही, भ नाही, काही नाही. लिहितात ते बी-एच आणि म्हणतात व. सोनिकानं ते नाव स्वतःशी पुटपुटलं, मग डोळे मिटून मोठीमायच्या तोंडात घालून पाहिलं. श चा स झाला. शेवटचा न होताच. सिवन.

मग एकेक गोष्ट आपोआप जागेवर बसू लागली. 'सिवनले' हा 'ले' माणसालाच लागलेला होता, मुन्नानं ते बरोबर हेरलं होतं. जपून ने, हे सांगायलाही समोर माणूस लागतो, मशीन नव्हे. आणि टेलरचं नाव मी कवा घेतली, हे म्हातारी विसरून म्हणाली नव्हती. तिनं खरंच टेलरचं नाव कधी घेतलं नव्हतं. टेलर तिच्या तोंडात उमेंद्रनं घातला होता. अख्ख्या तालुक्यात त्या परदेशी बाईचं नाव नीट घेणारी एकच बाई होती, आणि तिलाच सगळे वेडी म्हणत होते. आणि नावाचा खून करून, दोन शोभा उभ्या करून, सगळ्यांना रानोमाळ फिरवणारी नाकासमोर माईक धरून बातम्या वाचत होती.

सोनिकाला हसू आलं, मग डोळ्यांतून पाणी आलं. दुर्गेश्वरी घाबरून पाण्याचा लोटा घेऊन आली.

पत्रकावर मोबाईल नंबर होता. सोनिकानं हेमेंद्रकडून तो घेतला आणि लावला. पलीकडे नाक चोंदलेला आवाज आला.

"नमस्ते. मैं शिवॉन."

वही तिच्याजवळ होती. एकेका पानाचा फोटो काढायला म्हणून ती नागपूरला गेली होती, आठ दिवसांत आणून देते म्हणाली होती आणि तिथं तापानं आडवी झाली होती. शामकलाजी नाराज आहेत का, असं तिनं दोनदा विचारलं.

"नाही," सोनिका म्हणाली. "तुमच्यावर नाहीत. सोमवारी सकाळी येता येईल का?"

७

सोमवारी नऊ वाजता उमेंद्र जीप घेऊन दारात हजर झाला. सोनिकानं त्याला मुद्दाम काही सांगितलं नव्हतं. नुसतं म्हणाली होती, दहापर्यंत थांब. तो ओसरीवर येरझारा घालत राहिला. आईकडे त्याला पाहवत नव्हतं. शामकलाबाई खांबाला टेकून बसल्या होत्या. नवं लुगडं नेसायला त्यांनी साफ नकार दिला होता, आणि कोणाशी बोलत नव्हत्या.

दहाला पाच कमी असताना गल्लीच्या तोंडाशी एक ऑटो थांबला. त्यातून एक उंच, गोरी, नाक लाल झालेली बाई वाकून उतरली. काखेत लाल वही होती. समोरच्या दारातून दुर्गेश्वरीनं हाळी दिली, "राम राम, सोभाबाई." ती नेहमीसारखी हसली.

शामकलाबाईंनी मान वर केली. दोन दिवस मिटलेलं तोंड उघडलं.

"ये वं सिवन," त्या म्हणाल्या. "किती वाळली तू. ताप आला होता का?"

उमेंद्र जागच्या जागी थांबला. त्यानं त्या बाईकडे पाहिलं, तिच्या काखेतल्या वहीकडे पाहिलं, मग आईकडे. त्याच्या चेहऱ्यावर समजत चाललेलं दिसत होतं.

"हिचं नाव... सिवन हाये?" शेवटी तो म्हणाला.

"आठ डाव सांगतली तुले."

"आई, पण तू सांगायचं ना, सिवन म्हणजे बाई हाये म्हणून."

"तू पुसला कोठी? मी सिवन म्हनली अन् तू टेलर धुंडाले पराला."

उमेंद्र पायरीवर खाली बसला. मोठा माणूस, बँकेत नोकरीला, पण आईच्या पायाशी बसून लहान पोरासारखा रडला. भीतीच होती ती सगळी, आता उतरत होती. शामकलाबाईंनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि तसाच राहू दिला.

शिवॉनला आपल्यामुळे काय झालं ते कळेना. सोनिकानं तिला हिंदीत सगळं सांगितलं, स्वतःच्या 'सिओभान'सकट. ती खोकता खोकता हसली. म्हणाली, मुंबईच्या विमानतळावर तिला सिओबन म्हणाले, नागपूरच्या हॉटेलात सोबान म्हणाले, दिल्लीत कोणी मिस्टर सुभान म्हणून चिठ्ठी दिली. इथं येऊन पहिल्यांदा कोणी घरच्यासारखी हाक मारली.

"मोठीमाय," सोनिकानं विचारलं, "मी रोज बातम्या वाचते, मले नाही जमलं. तुले हे नाव कसं आलं?"

"त्यात काय येते? थे अठी बसली, मी पुसली, बाई, तुले काय म्हनतेत? थिनं सांगतली. मी म्हनून पाहिली. थे म्हने, हो, असंच." शामकलाबाईंनी वही उघडून पानं जागच्या जागी आहेत का ते पाहिलं. "टीव्हीवर तू कोनाचं नाव घेऊन राहिली होती, मले का मालूम? मी समजली, दुसरी कोनी आली असंल."

सोनिकाचा चेहरा कानापर्यंत लाल झाला. पण खरं सांगायचं तर इतकं बरं तिला कित्येक दिवसांत वाटलं नव्हतं.

उमेंद्रनं डोळे पुसले आणि जीपवाल्याला जा म्हणून सांगितलं. मग त्याला आठवलं की गोरेगावला जायचंय, मुन्नाची माफी मागायला, भर बाजारातच, आणि त्याच जीपनं जावं लागेल. तो ओरडत जीपमागे धावला. शामकलाबाई खांबाचा आधार घेऊन उठल्या.

"जेवाले ये म्हनावं त्याले," त्या सोनिकाला म्हणाल्या. "अन् तूही थांब. सिवनले गरम भात घालते. आजपासून मले कोनी कोठी नेत नाही."